सिव्हिकचा डिजिटल मीटर लुकलुकतो, सेकंडहँड मीटर बसवू का?

तुमच्या २००८च्या सिव्हिकमध्ये हेडलाइट आणि ब्लोअर एकदम लावले की वेगाचे आकडे लुकलुकतात, पेट्रोलच्या पट्ट्या घसरतात आणि ब्रेक दाबल्यावर कधी कधी मीटर बंद होऊन पुन्हा चालू होतो. वायरमनने मल्टिमीटरचा बझर ऐकवून ‘अर्थ (म्हणजे बॉडीमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे करंट परतण्याची वाट) ओके आहे, मीटर बदला’ असं सांगितलंय.

या बझरवाल्यांशी माझं जुनं भांडण आहे. कंटिन्युइटी, म्हणजे वायर कुठे तुटलेली नाही एवढंच, दाखवली म्हणजे अर्थ चांगला, हे साफ चूक आहे. मल्टिमीटर ओहम, म्हणजे वायरीचा विरोध, मोजताना जेमतेम मिलिअँपिअरभर करंट सोडतो. वायरच्या वीस तारांपैकी एक शिल्लक असली तरी बझर वाजतो. गंजलेल्या जोडाचा ०.१ ओहम तर प्रोबच्या स्वतःच्या ०.२-०.३ ओहममध्येच हरवून जातो. पण त्याच जोडातून ५५ वॉटच्या दोन बल्बांचे ९ अँपिअर गेले की तिथे ०.९ व्होल्ट पडतात. मीटरचा अर्थ तेवढा वर उचलला जातो, आणि त्याच अर्थावरून येणारे सेन्सरचे सिग्नल चुकीचे वाचले जातात. मीटर एकटा फारसा करंट घेत नाही, म्हणून दिवसा, लाइट बंद असताना सगळं ठीक वाटतं.

तेव्हा ओहम नको, व्होल्ट मोजा. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर. काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर धरा. केबलच्या टोकाच्या क्लॅम्पवर नाही, थेट बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर. लाल प्रोब मीटरच्या कनेक्टरमधल्या अर्थ पिनला, मागून टाचणी सरकवून. कनेक्टर जोडलेलाच हवा. अर्थची वायर बहुधा काळी असते, पण वायरिंग डायग्राममध्ये खात्री करून घ्या. इंजिन चालू, हेडलाइट, ब्लोअर फुल, मागचा डिफॉगर, ब्रेक, सगळं एकदम. ०.१ व्होल्टपर्यंत ठीक. ०.२च्या वर संशय, ०.५ म्हणजे नक्की दोष.

मग लाल प्रोब एकेक टप्पा मागे आणा: अर्थचा बोल्ट, त्याच्या शेजारची बॉडी, निगेटिव्ह क्लॅम्प. जिथे आकडा एकदम पडतो, तो टप्पा आणि त्याच्या लगेच आधी मोजलेला टप्पा यांच्यामधला जोड खराब. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारा अर्थचा स्ट्रॅप (जाड पट्टी) वेगळा तपासा, कारण इंजिन चालू असताना करंट अल्टरनेटरकडे (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या जनरेटरकडे) त्याच वाटेने परततो. कोकणातल्या आणि मुंबईच्या गाड्यांत पाय ठेवायच्या जागी कार्पेटखाली पाणी साचतं, त्यामुळे पायाजवळच्या किक पॅनलमागचे बोल्ट आधी बघा.

दुरुस्ती सोपी आहे. बोल्ट काढा, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि बॉडी दोन्ही पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, स्टार वॉशर घालून आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. लग हिरवा पडला असेल तर वायर मागे कापून नवीन लग क्रिंप करा, म्हणजे दाबून बसवा. आत काळी पडलेली तार सोल्डर धरत नाही.

अर्थ पिनपासून थेट बॅटरीला २.५ चौरस मिमीची वायर टाकून मोकळं होणारे बरेच आहेत. तपासणीपुरती ती टाका, लुकलुक थांबली तर निदान पक्कं. कायमची ठेवू नका. उद्या बॅटरीची मुख्य अर्थ केबल सुटली, तर गाडीभरचा करंट त्या बारीक वायरीतून जायला बघेल आणि ती जळेल.

हे आधी सांगायला हवं होतं: पार्किंग लाइट लावल्यावर मीटर नुसता मंद होणं हा दोष नाही, रात्रीसाठी तो तसाच बनवलाय. ब्राइटनेस पूर्ण वाढवून बघा. अल्टरनेटरही तपासा, इंजिन आणि हेडलाइट चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत आणि मल्टिमीटरच्या एसी व्होल्ट रेंजवर ०.५च्या खाली. अल्टरनेटरमधला, एसीचा डीसी करणारा डायोड गेला असेल तरी आकडे असेच नाचतात. मीटर खोलण्याआधी निगेटिव्ह काढून किमान ३ मिनिटं थांबा, एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना हात लावू नका, आणि रेडिओला कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा.

राहिला सेकंडहँड मीटर. अर्थ पिनला सगळं चालू असताना ०.१च्या आत येत असेल, मीटरच्या पॉझिटिव्ह पिनला पूर्ण व्होल्टेज मिळत असेल आणि तरी लुकलुक असेल, तरच तो विषय काढा. तेव्हाही आधी तुमच्याच मीटरच्या आतल्या बोर्डचे ड्राय सोल्डर (तडकलेले, सैल झालेले सोल्डरचे जोड) कुणाकडून तरी तपासून घ्या, कारण सेकंडहँड मीटर दुसऱ्या गाडीचे किलोमीटर घेऊन येतो आणि गाडी विकताना त्याचा खुलासा तुम्हालाच करावा लागतो.