वाचक विचारतात : खुर्चीची फिरकी घेताना

प्रश्न : काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणाऱ्या ब्रिटिशकालीन ‘गुन्हेगार जमाती’ कायद्याबद्दल माजी अधिकारी आणि पुढाऱ्यांना फिरकी घेत जाब विचारायचा, असे दहा-दहा मिनिटांचे भाग आम्ही करतोय. गटात दोघे पारधी समाजातले आहेत. पाहुण्याला पेचात कसं पकडायचं? (महाविद्यालयीन गट, दादर)

माणसाची नव्हे, कागदाची फिरकी घ्या. आरडाओरडा केलात, की पहिल्याच मिनिटाला प्रेक्षक पाहुण्याच्या बाजूने जातो. १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोजवळचं अल्काट्राझ बेट ताब्यात घेणाऱ्या मूलनिवासींनी सरकारला २४ डॉलरचे मणी आणि लाल कापड देऊ केलं. गोऱ्यांनी न्यूयॉर्कचं मॅनहॅटन बेट म्हणे मूलनिवासींकडून तेवढ्यालाच घेतलं होतं. वर हिशेबही मांडला : आम्ही एकरी १ डॉलर २४ सेंट देतोय, तुम्ही कॅलिफोर्नियातल्या आमच्या लोकांना त्यांच्या जमिनीचे ४७ सेंटच देताय. विनोद आकड्यात होता, म्हणून तो खोडून काढणं अवघड गेलं.

तुमच्याकडे तसाच कागद आहे. १८७१ चा मूळ कायदा पुढे १९२४ मध्ये नव्याने मांडला गेला. नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेत. त्याला ठरावीक वेळी हजेरी लावावी लागे. मुक्काम बदलायचा किंवा बाहेर जायचं तर वर्दी द्यावी लागे. हेच पाहुण्याला ‘मुलाखतीआधीची नोंदणी’ म्हणून द्या. एका पानावर पाच रकाने पुरेत : काल रात्री मुक्काम कुठे होता, आज निघताना कोणाला कळवलं, किती दिवस बाहेर राहणार, परतल्याची वर्दी कुठे देणार, आणि खाली डाव्या अंगठ्याचा ठसा. स्टॅम्प पॅड खरा ठेवा. चौथ्या रकान्याशी पेन थबकतं आणि ठशानंतर पाहुणा रुमाल शोधू लागतो. या दोन जागांसाठी एक कॅमेरा फक्त हातांवर लावा. मग त्या पानाशेजारी कायद्याचं मूळ कलम ठेवा आणि गप्प बसा. ही शांतता संकलनात कापायची नाही.

बहुतेक भाग इथेच फसतात, कारण पाहुणा हसून म्हणतो, ‘अहो, ते इंग्रजांचं होतं.’ त्यासाठी दुसरा कागद तयार हवा. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. शिवाय ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांमधले जातीभेदाचे नियम घटनाबाह्य ठरवले. विमुक्त जमातींना, म्हणजे त्या रद्द कायद्याच्या यादीतल्या जमातींना, जन्मतः सराईत मानणारे उल्लेखही त्यात आले. तारखा कार्डावर लिहून सूत्रसंचालकाच्या हाती द्या, पाठांतरावर विसंबू नका.

तिसरा कागद पाहुण्याच्याच खात्याचा असला तर बहार. माहिती अधिकाराचा अर्ज चित्रीकरणाच्या दोन-अडीच महिने आधी टाका. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर नाही आलं तर पहिल्या अपिलाला वेळ लागतो. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो. लांबलचक पार्श्वभूमी लिहिणाऱ्यांचे अर्ज त्यातच अडकतात. चित्रीकरण संपलं की ठसा असलेला कागद पाहुण्याला परत करा आणि प्रक्षेपणाची लेखी संमती तेव्हाच घ्या.

प्रश्न : फिरकीसाठी वनाधिकाऱ्याचा किंवा पोलिसाचा वेश केला तर चालेल? छुपा कॅमेरा? (वाचक, बोरिवली)

वेश नको. लोकसेवक असल्याची बतावणी करून त्या नात्याने काही केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे. नुसता गणवेश फसवण्यासाठी घातला तर कलम २०५. खोट्या नोटिशीवर अशोकस्तंभ छापणं हा वेगळा गुन्हा. वरच्या नोंदणी अर्जावरही राजमुद्रा चुकूनसुद्धा येऊ देऊ नका.

छुप्या कॅमेऱ्याचं म्हणाल, तर २००७ मध्ये दिल्लीतल्या एका शिक्षिकेवर बनावट स्टिंग दाखवणारी वाहिनी महिनाभर बंद झाली होती. मुळात खुर्चीवरचा माणूस उघड्या कॅमेऱ्यापुढे जे टाळतो, तेच तुम्हाला हवं असतं.

बतावणीचा आणखी एक धोका बघा. ३ डिसेंबर २००४ रोजी बतावणी करून बड्या कंपन्यांची फिरकी घेणाऱ्या ‘द येस मेन’ या गटातला एकजण, युनियन कार्बाइड विकत घेतलेल्या डाऊ केमिकलचा प्रवक्ता म्हणून बीबीसीवर बसला आणि भोपाळसाठी १२ अब्ज डॉलर जाहीर करून मोकळा झाला. कंपनीची नाचक्की झाली खरी, पण खुलासा होईपर्यंत भोपाळचे पीडितही फसले. ज्यांच्या बाजूने फिरकी घेताय, त्यांना आधी सांगितलंत का, हे पहिलं तपासा.

प्रश्न : आरेतल्या पाड्यावर वारली कुटुंबांना घेऊन असाच भाग करायचाय. सुरुवात तारपा नृत्याने करावी का? (वाचक, गोरेगाव)

नको. उद्घाटनाला तारपा आणि जमिनीच्या प्रश्नाला बगल, हे सरकारी समारंभांत नेहमीचं आहे. तुम्हीही तेच कराल. २०१९ च्या ऑक्टोबरमधली मेट्रो कारशेडसाठीची वृक्षतोडही सर्वांनी पाहिलीय. त्यापेक्षा वनहक्काचा, म्हणजे जंगलात राहणाऱ्यांच्या जमिनीवरच्या हक्काचा, मुद्दा धरा. २००६ च्या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा लागतो, वैयक्तिक कमाल मर्यादा चार हेक्टर, आणि दावा सुरू होतो ग्रामसभेपासून. महानगरपालिकेच्या हद्दीत ग्रामपंचायतच नाही, मग ग्रामसभा भरवायची कोणी? अधिकाऱ्यापुढे टेबलावर एक घंटा आणि ‘ग्रामसभा’ अशी पाटी ठेवा, नि बैठक बोलवायला सांगा. पाड्यावरच्या लोकांना दिवसाचा मेहनताना आधी ठरवून द्या आणि अंतिम संकलन प्रसारणापूर्वी पाड्यावरच दाखवा. एखादा चेहरा काढा म्हणाले, तर काढा.