वाघ नाही, मग शूट काय करू?

वाचकांचे प्रश्न : निसर्ग, फोटो आणि छोट्या फिल्म्स

प्रश्न : मी एसवायला आहे. कॉलेजच्या स्पर्धेसाठी निसर्गावर तीन मिनिटांची फिल्म करायचीय. माझ्याकडे फक्त फोन आहे आणि आमच्याकडे वाघ-बिघ काही नाही, नुसता समुद्र. काय शूट करू?
– एक विद्यार्थी, गुहागर

नुसता समुद्र म्हणे! अरे, तुझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एवढी लांब पुळण आहे, त्यावर रोज दोनदा एक आख्खा सिनेमा लागतो आणि तो बघायला कोणी थांबत नाही, सगळे सूर्यास्ताचे फोटो काढून भेळ खायला पळतात. ओहोटीला ओल्या वाळूवर साबुदाण्याएवढ्या गोळ्यांची नक्षी बघितलीयस ना? मधे एक बारीक भोक आणि चहूबाजूंना गोळ्यांच्या रांगा. ते काम एका जेमतेम सेंटिमीटरभर खेकड्याचं. तो वाळू उचलून तोंडात घालतो, कणांना चिकटलेलं सूक्ष्म शेवाळ, बॅक्टेरिया वगैरे खाऊन घेतो आणि उरलेल्या वाळूचा गोळा करून मागे ढकलतो. खाल्लेली वाळू पुन्हा हातात येऊ नये म्हणून ही सगळी व्यवस्था, नक्षी आपल्याला दिसते, त्याच्यासाठी ती खरकटी ताटं. मग भरती आली की हा बिळात जातो, वरून दार लावून घेतो आणि पाणी सगळं पुसून टाकतं. पुढच्या ओहोटीला परत पहिल्यापासून.

आता तुझ्या फिल्मला सुरुवात, मधला भाग आणि शेवट समुद्रानेच दिलाय, तुला फक्त वेळ गाठायचीय. त्यासाठी अ‍ॅप नको, घरात कालनिर्णय असेलच, नाहीतर कुठल्याही दर्यावर्दी काकांना विचार. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे चतुर्थीला साधारण तीनला पूर्ण भरती आणि तिथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अंदाजाचा हिशोब आहे, थोडं मागेपुढे धर. तुझ्यासाठी बेस्ट दिवस म्हणजे पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची बीज-तीज. उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी लांब आत जातं, पुळण मोठी मिळते, आणि ओहोटी येते सकाळी साडेसात-आठला, म्हणजे ऊन तिरकं असतं आणि प्रत्येक गोळ्याची सावली पडते. दुपारी बाराला तीच नक्षी सपाट दिसते, कितीही महागडा कॅमेरा आणलास तरी.

शूट करताना फोन उलटा धर, म्हणजे लेन्स खाली वाळूच्या लेव्हलला येते. फोकस बोट दाबून लॉक कर, फोन एखाद्या करवंटीला टेकवून ठेव आणि लांब जाऊन गप्प बस. ही गप्प बसायची पायरीच सगळ्यात अवघड, कारण पावलांचा हादरा बसला की सगळे एका क्षणात आत जातात आणि मग वाटतं की इथे काही नाहीच. थोड्या वेळाने एक डोकावतो, मग दुसरा, मग आख्खी पुळण हलायला लागते. तुझी सावली बिळावर पडू देऊ नको. एक लांबचा शॉट, एक मधला आणि एकदम जवळचे भरपूर घे. टाईमलॅप्स एखादाच पुरे, खेकड्याचे हात कसे चालतात ते खऱ्या वेगात किंवा स्लो-मोशनमध्ये बघायलाच मजा आहे.

आवाज वेगळा रेकॉर्ड कर, वारा पडलेला असताना किंवा सुरूच्या झाडांच्या आडोशाला, नाहीतर नुसती घरघर मिळते. आणि कृपा करून वर बासरी आणि "निसर्गाची किमया न्यारी" असली कॉमेंट्री टाकू नको, मी अशा स्पर्धांच्या फिल्म्स बघतो आणि बासरी सुरू झाली की माझं लक्ष उडतं. समुद्र कंटाळवाणा वाटलाच तर खाडीत जा. चिखलात निवट्या उड्या मारत असतात, मासा असून पाण्याबाहेर फिरतात, ओल्या कातडीतूनही श्वास घेतात. एक नांगी मोठी असलेले खेकडे ती नांगी हलवून माद्यांना बोलावत असतात. एकेकावर वेगळी फिल्म होईल.

प्रश्न : डिसेंबरमध्ये देवगडला जातोय. रील्समध्ये रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा दिसतात, ते खरं असतं की एडिटिंग?
– एक वाचक, डोंबिवली

खरं असतं, पण रील्सइतकं निळंशार डोळ्यांना बहुतेक वेळा दिसत नाही. नॉक्टिलुका नावाचा एकपेशीय जीव आहे, पाणी हललं, लाट फुटली की तो उजेड फेकतो. थंडीच्या महिन्यांत कोकण किनाऱ्यावर हे बरेचदा दिसतं. कॅमेऱ्याचं शटर आठ-दहा सेकंद उघडं राहतं, तेवढ्या वेळातला सगळा उजेड तो एका फोटोत साठवतो, म्हणून फोटो जास्त भारी. फोन असेल तर नाईट मोड आणि ट्रायपॉड, कॅमेरा असेल तर आयएसओ (उजेड टिपायची सेटिंग) १६०० ते ३२००, फोकस हाताने लावायचा. अमावास्येच्या आसपास जा, हॉटेलांच्या दिव्यांपासून लांब चाला आणि डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत फोन खिशात ठेवा. दिसेलच याची गॅरंटी कोणी देत असेल तर त्याला पैसे देऊ नका. आणि एक, हे फार मोठ्या प्रमाणात वाढणं म्हणजे समुद्राची तब्येत उत्तम असं काही नाही, असा बहर मरून कुजला की पाण्यातला ऑक्सिजन कमी होतो. फोटोखाली "स्वर्ग" लिहिण्याआधी एवढं माहीत असलेलं बरं.

प्रश्न : मुलांना घेऊन वेळासला कासवं बघायला जायचंय. पिल्लांचे फोटो काढले तर चालतात का?
– एक वाचक, पुणे

चालतात, फ्लॅश आणि टॉर्च सोडून. पिल्लू वाळूतून बाहेर आलं की जिकडे क्षितिज जास्त उजळ तिकडे जातं, आणि मोकळ्या किनाऱ्यावर ते म्हणजे समुद्र. तुम्ही मागून फ्लॅश मारला की त्याचा गोंधळ होतो. दोरीच्या मागे थांबा, तिथे कासवं सांभाळणारी माणसं सांगतील ते ऐका. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि गावकऱ्यांनी मिळून हे कासवं वाचवायचं काम उभं केलंय, त्याआधी अंडी सर्रास उकरून नेली जायची. (वेळास नाना फडणवीसांचं गाव, ते आता कासवांमुळे जास्त ओळखलं जातं, मला याची गंमत वाटते.)

फोटोपेक्षा छोटी फिल्म करा असं मी सांगेन, आणि कॅमेरा मुलांच्या हातात द्या. पिल्लं पाण्याकडे जाताना सगळेच शूट करतात, तुम्ही वाळूवर मागे राहिलेल्या त्यांच्या बारीक पायवाटा शूट करा, आणि हॅचरीत (अंडी राखून ठेवायच्या कुंपणात) काम करणाऱ्या काकांना विचारा की अंडी घातल्यापासून साधारण पन्नासेक दिवस ते कसे मोजतात. मुलांना हेही सांगा की घरटं जास्त तापलं तर माद्या जास्त निघतात, थंड राहिलं तर नर. पोरं पुण्याला पोचेपर्यंत प्रश्न विचारत राहतील. जायचा काळ फेब्रुवारी ते एप्रिल, पण निघायच्या आधी गावात फोन करा, पिल्लं तुमचं बुकिंग बघून बाहेर येत नाहीत.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. पावसात सड्यावर (कातळाच्या पठारावर) जाऊन तासन्‌तास फुलांचे व्हिडिओ काढते. फोन दोनदा बिघडला. थांबवू का?
– एक आई, राजापूर

ताई, मुलीला थांबवू नका, फोनला प्लॅस्टिकची पिशवी आणि सिलिका जेलचा डबा द्या. ती जिथे जाते त्या कातळावर उन्हाळ्यात अंडं फुटेल इतका चटका असतो आणि श्रावण-भाद्रपदात तिथेच सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू उगवतात. मातीच नसल्यात जमा, मग झाडांना नायट्रोजन कुठून मिळणार, म्हणून सीतेच्या आसवांनी पाण्याखाली बारीक पिशव्या केल्यात, त्यात सूक्ष्म किडे पापणी लवायच्या कितीतरी आधी खेचले जातात. दवबिंदूचं पान चिकट असतं, किडा अडकला की संपलं. हा दुसरा प्रकार तिला फोनवर नक्की शूट करता येईल, फोनला चिमट्याने लावायची, बारीक गोष्टी जवळून टिपणारी क्लिप-ऑन मॅक्रो लेन्स घेऊन द्या, महाग नसते. पोटावर झोपायला एक गोणपाट द्या, आणि पाय कुठे ठेवते ते बघायला सांगा, फुलं बोटाच्या पेरापेक्षा लहान असतात. एसी गाडीतून उतरल्या उतरल्या फोन बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, थोडा वेळ थांबायचं. खारा वारा लागलेला फोन गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने पुसायचा. तुमच्याकडचे सडे कातळशिल्पांसाठी लोक बघायला येतात, फुलांचं काम फार कमी जणांनी केलंय, तिचे जुने व्हिडिओ डिलीट करू नका, तारीख टाकून ठेवा.

प्रश्न : समुद्री गरुडाचं घरटं सापडलंय. ड्रोनने शूट करू का?
– एक वाचक, हर्णे

नको. ड्रोनला तो शत्रू समजतो, अंगावर येतो किंवा घरटं सोडून उठतो, आणि अंडी-पिल्लं उघडी पडली की कावळे टपलेलेच असतात. घरट्याचं लोकेशनही कुठे टाकू नका. बाकी ठिकाणी उडवायचा असेल तर आधी सरकारी नकाशावर तो भाग हिरवा (मोकळा) आहे, पिवळा (परवानगी लागणारा) आहे की लाल (बंदीचा) ते बघा. वरून दिसणारंच हवं असेल तर आंजर्ल्याला कड्यावरच्या गणपतीला जा, खाली खाडी, समोर सुवर्णदुर्ग, ट्रायपॉड लावला की झालं, बॅटरी संपायचं टेन्शन नाही.