एकट्याने पहिली लांब चाल? लोणावळा-राजमाची कर

पहिल्यांदाच एकटा निघतोयस ना, मग लोणावळ्याहून राजमाची किल्ला कर. लोणावळ्यातल्या तुंगार्लीवरून एका बाजूने साधारण १५ किमी, कच्चा रस्ता, चुकायला फारसा वाव नाही. पण पावसाळ्यात एकट्याने नको रे, ओढे एकदम चढतात, नोव्हेंबरमध्ये जा. सकाळी उजाडताच निघ, ३ लिटर पाणी घे, रेंज मधेच जाते म्हणून घरी परतायची वेळ सांगून ठेव. कुत्री अंगावर आली तर पळू नकोस, दगड उचलल्यासारखं नुसतं खाली वाक, बहुतेक वेळा मागे सरतात. किल्ल्याच्या पायथ्याच्या उधेवाडी गावात घरगुती पिठलं-भाकरी मिळते, आधी फोन करून सांगितलेलं बरं. आणि इअरफोन घरीच ठेव प्लीज, तासाभराने आपल्याच बुटांखालची खडी ऐकू यायला लागते ना, त्यासाठीच तर जायचं.