टोपी फुटली, पण बार उडाला नाही

प्रश्न : भाचा अमेरिकेत, कोलोरॅडोत असतो. सप्टेंबरात परवाना काढून तो ठासणीच्या बंदुकीने नर एल्कच्या (सांबरासारखं मोठं हरीण) शिकारीला डोंगरात जातो. गेल्या वेळी टोपी (दारू पेटवणारी छोटी स्फोटक टिकली) फुटली, बार उडालाच नाही. असं का व्हावं?
– एक वाचक, दादर, मुंबई

उत्तर : बहुतेक वेळा दोष ओलीचा किंवा तेलाचा. नळीत आणि निपलमध्ये (टोपी बसते ती भोकाची खुंटी) राहिलेलं तेल दारूत उतरतं. म्हणून ठासण्याआधी नळी कोरड्या फडक्याने पुसावी आणि दोन-तीन टोप्या नुसत्याच फोडून वाट मोकळी करावी. थंडीतून बंदूक उबदार खोलीत आणली की आत दव धरतं. टोपी काढून बंदूक बाहेरच्याच गारव्यात, पण कुलपात ठेवावी. पावसात नळीच्या तोंडावर चिकटपट्टी लावावी.

दारू मापानेच भरावी, बंदुकीच्या पुस्तिकेतल्या कमाल मापाच्या आत. गोळी दारूला टेकेपर्यंत ठासायची. मधे पोकळी राहिली तर नळी फुगू किंवा फाटू शकते. ठासायच्या गजावर खूण करून ठेवली की हे लगेच कळतं.

बार नाही उडाला तर नळीचं तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान एक मिनिट थांबावं. उशिराने उडालेला बार जीव घेतो, यात घाई नकोच.

कोलोरॅडोत ठासणीच्या बंदुकीच्या या हंगामात बंदुकीवर दुर्बीण चालत नाही, एल्कसाठी नळी किमान .50 कॅलिबरची लागते. साध्या माशीने (नेम धरायची नळीवरची खूण) शंभर यार्डांपलीकडे मारू नये. जनावर आपल्याकडे कूस करून उभं असताना पुढच्या खांद्यामागे, फुप्फुसावर नेम धरावा. जखमी एल्क तडफडत राहणं फार वाईट.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने सांबराची शिकार गुन्हा आहे.