नुसत्या भाषांतरानं भागत नाही

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. व्यक्तिमत्त्व विकारांचं निदान करणारी मुलाखत इंग्रजीत तयार आहे. चिनी बोलणाऱ्या रुग्णांसाठी ती नीट भाषांतरित केली की झालं ना? त्यात वर्षं का जातात?

उत्तर : मलाही आधी असंच वाटायचं. शांघायच्या एका रुग्णालयात दोन वर्षं काम केलं, तेव्हा पहिली ठेच लागली ती विकाराच्या नावालाच. 'व्यक्तिमत्त्व' म्हणजे चिनीत 'रेनगे'. पण या शब्दात माणसाची नीती आणि प्रतिष्ठाही येते. चीनच्या राज्यघटनेच्या 38व्या कलमात नागरिकांच्या प्रतिष्ठेबद्दल हाच शब्द आहे. 'रेनगेचा विकार आहे का पाहू' म्हटलं की समोरच्याला ऐकू येतं, 'तुम्ही माणूस म्हणून हलके आहात.' एक आजोबा टोपी उचलून सरळ निघून गेले. मला फार वाईट वाटलं. पुढे मी 'लोकांशी तुमचं कसं जमतं?' इथूनच सुरुवात करू लागले.

मग प्रश्नांचं. 'निरुपयोगी वस्तूही टाकवत नाहीत का?' अन्हुईच्या खेड्यातून आलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या एक बाई लगेच 'हो' म्हणाल्या. रिकाम्या बरण्या, सुतळीचे तुकडे, उसवलेल्या बाह्या, सगळं जपलेलं. कागदावर निकष भरला. पण त्यांचं बालपण 1959 ते 1961च्या दुष्काळातलं, आणि त्यांच्या वयाच्या शेजारणीही तेच करतात. वागणं त्या माणसाच्याच संस्कृतीतल्या अपेक्षांपेक्षा ठळकपणे वेगळं हवं, असं डीएसएममध्येच, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या अमेरिकी पुस्तकातच, लिहिलंय. म्हणून मी गुण दिला नाही. याच वस्तूंपायी झोपायला जागा उरली नसती आणि घरात रोज भांडणं झाली असती, तर दिला असता.

उलटी चूकही तितकीच वाईट. सगळंच 'त्यांची संस्कृती' म्हणून सोडून द्यायचं नाही. मानसिक विकारांच्या 2001च्या चिनी वर्गीकरणात 'बॉर्डरलाइन', म्हणजे भावना आणि नाती सतत टोकाला जाणारा व्यक्तिमत्त्व विकार, नव्हताच, त्याऐवजी 'आवेगी' असा विकार होता. म्हणून काय ते दुखणं तिथे नव्हतं? कोणी आपल्याला सोडून जाईल या धास्तीनं रात्र रात्र फोन लावत बसणाऱ्या मुली मी पाहिल्यात, त्यांच्या मनगटांवरचे वणही. 'पोकळ वाटतं का?' याला त्यांचं उत्तर यायचं, 'हाय हाओ', म्हणजे ठीकच आहे. तिथे थांबलात तर निदान हुकलंच. 'परवा रात्री एकटी होतीस, तेव्हा काय केलंस?' असं विचारलं की ती बोलू लागते. तेव्हा प्रश्न हवा तसा वळवा. निकष मात्र जागचा हलवू नका. मूळ इंग्रजी मसुदा न पाहिलेल्या माणसाकडून चिनी प्रश्न परत इंग्रजीत करून घ्या, म्हणजे अर्थ सरकला का ते कळतं. दोन मुलाखतकारांनी एकाच रुग्णाला स्वतंत्रपणे गुण देऊन ते जुळतात का, हेही बघावं लागतं. वर्षं जातात ती इथे.

आणखी एक. हाँगकाँगसाठी करणार असाल तर छापील प्रश्न जसाच्या तसा वाचू नका. लेखी चिनीतलं 'नाही'चं अक्षर तिथल्या कँटोनीज बोलीत सहसा येत नाही. तिथे 'म्' म्हणतात. छापील वाक्य मोठ्यानं वाचलं की ते सरकारी जाहीरनाम्यासारखं लागतं, आणि तशा आवाजाला कोणी मनातलं सांगत नाही.