ब्रॉन्झ नको, गनमेटल मागा

प्रश्न : मी आडव्या सिलिंडरचं छोटं वाफेचं इंजिन करतोय. नकाशा इंग्लंडचा आहे. त्यात क्रँकशाफ्टच्या बुशपुढे (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) नुसतं 'जीएम' लिहिलंय. शाफ्ट ८ मिमीचा, साध्या ब्राइट बारचा, म्हणजे चकचकीत मऊ पोलादी गजाचा. हार्डवेअरच्या दुकानातून 'ब्रॉन्झ'चा गज आणून बुश केले. कॉम्प्रेसरच्या हवेवर आठ-दहा तास चालवलं आणि शाफ्ट डुगडुगायला लागला. चांगलं ब्रॉन्झ मिळतं कुठे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : तुम्हाला बहुतेक पितळ मिळालंय. दुकानदाराला तरी काय बोलणार? 'ब्रॉन्झ द्या' म्हटलं की पिवळं दिसेल ते तो कापून देतो. शिवाय ब्रॉन्झ हा एकच धातू नाही, तांबं-कथलाच्या अनेक मिश्रणांचं ते नाव. तळपायाला तूप लावून घासतो ती काशाची वाटीही ब्रॉन्झच. तिच्यात कथील बावीस टक्क्यांच्या आसपास. ती घंटेसारखी वाजते आणि आपटली तर फुटते. तिचा बुश कोणी करेल का?

'जीएम' म्हणजे गनमेटल. इंग्लंडवाले त्याला 'एलजी२' म्हणतात, आपल्याकडच्या आयएस ३१८ या मानकात ते 'एलटीबी२'. तांबं ८५ टक्के, बाकी कथील, शिसं आणि जस्त प्रत्येकी ५. यातलं शिसं महत्त्वाचं. तेल क्षणभर कमी पडलं तर ते मऊपणाने पसरतं आणि शाफ्टला वाचवतं. तुमचा शाफ्ट मऊ आहे, म्हणून हेच घ्या. नाहीतर 'एसएई ६६०' या नावाचं बेअरिंगचं ब्रॉन्झ मिळालं तरी उत्तम. त्यात शिसं ७ टक्के असतं. फॉस्फर ब्रॉन्झ भारी म्हणून लोक त्याच्यामागे धावतात, पण त्याला शाफ्ट कडक लागतो. शिवाय रीमर (भोक अचूक मापाला आणायचं हत्यार) घातला की ते तापतं आणि रीमरलाच आवळून बसतं.

तुम्ही सांगलीचे, मग लांब कशाला जाता? कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात जा. ओतकाम आणि लेथकाम यांवरच तो भाग उभा आहे. पंपाचे बुश करणाऱ्यांकडे 'कंटिन्युअस कास्ट गनमेटल' (साच्यातून सलग ओतून काढलेला गज) असं नाव घेऊन मागा आणि उरलेले तुकडे आहेत का विचारा. २५ मिमीचा फूटभर गज सव्वा किलोच्या वर भरतो आणि माल किलोवर विकतात, तेव्हा सबंध गज घेऊन तुम्ही करणार काय? वाळूत ओतलेलं स्वस्त पडतं, पण शेवटच्या कटाला आत पोकळी उघडते आणि दिवसभराचं काम भंगारात जातं. मुंबईला फेरी झाली तर गुलालवाडीत अलोह धातूंची दुकानं आहेतच.

घेतलेला तुकडा तपासा. मी सोनाराकडचा असतो तसा छोटा डिजिटल काटा ठेवलाय. २५ मिमी व्यासाचा, बरोबर ४० मिमी लांबीचा तुकडा दोन्ही तोंडं लेथवर सपाट करून त्यावर ठेवायचा. गनमेटल १७३ ग्रॅमच्या आसपास भरतं, पितळ १६६. व्यासात दशांश मिमीची चूक झाली तर दीड ग्रॅम इकडेतिकडे होतो, म्हणून मोजमाप मायक्रोमीटरनेच करा. दीडशेच्या खाली आलं तर ते ॲल्युमिनियम ब्रॉन्झ.

हे शेवटचं मी अनुभवाने शिकलो. टूलरूममधून निवृत्त झाल्यावर पहिलंच इंजिन करत होतो. भंगारवाल्याकडे सोन्यासारखा चकचकीत, हाताला जड एक तुकडा मिळाला. टूलला दाद देईना, मला वाटलं काय जबरदस्त माल आहे! बुश आजही नवाकोरा आहे. शाफ्टवर मात्र तासाभरात नखाला लागतील असे चरे पडले. बायको म्हणाली, "एवढी घाई कसली होती?" आता भंगारातला तुकडा उचलण्याआधी खिशातलं लोहचुंबक लावतो. काही ॲल्युमिनियम ब्रॉन्झमध्ये लोखंड असतं, ते किंचित ओढ दाखवतं. ओढ नाही दाखवली म्हणून माल पास, असं मात्र नाही.

टेबलफॅनला असतात ते तेल प्यायलेले सिंटर्ड (धातूची पूड दाबून, भाजून केलेले) बुशही क्रँकशाफ्टला चालतील. पण ते तयार मापाचेच घ्या. बोथट रीमरने बोअर, म्हणजे आतलं भोक, मोठा केलात तर धातू लिंपला जाऊन तेल धरणारी छिद्रं बुजतात, मग ते नुसतं भोक उरतं. सिलिंडरजवळच्या गरम जागी तर लावूच नका.

नवे बुश केलेत की आधी ब्रॅकेटमध्ये दाबून बसवा, रीमर नंतर. दाबल्यावर बोअर आकसतो. आधी रीम केलेल्या बुशात शाफ्ट जाईना म्हणून पॉलिश पेपर घेऊन बसणारे मी खूप पाहिलेत. दोन्ही बुश एका सरळ रेषेत, एकाच दमात रीम करा. शाफ्टला ०.०२ ते ०.०३ मिमी मोकळीक पुरे. तेलाचं भोक वरच्या बाजूला, आतून कड मोडलेली.

आणि गाडीभाडं घालवण्याआधी जुन्या शाफ्टला मायक्रोमीटर लावा. बुशाखालच्या जागी ७.९५ आणि मधे ८.०० दाखवत असेल तर झीज दोघांचीही आहे. गनमेटलबरोबर दीड वीत ब्राइट बारही घेऊन या.