इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या तयारीसाठी मुलीला सोलापूरहून कुठलं चित्रसंग्रहालय दाखवावं?

कोल्हापूरला राजारामपुरीतलं चंद्रकांत मांढरे कलासंग्रहालय दाखवा. एकाच चित्रकाराची, आपल्याच मातीतली निसर्गचित्रं तिथे एका छताखाली आहेत. मी शाळेत चित्रकला शिकवते, विद्यार्थ्यांना आवर्जून तिथेच पाठवते. सिनेमातले नट म्हणून लोक मांढरेंना ओळखतात, पण माणूस हाडाचा चित्रकार. राहतं घर आणि चित्रं त्यांनी शासनाला देऊन टाकली. पावडर शेडिंग ही त्यांची खासियत: कोरडी पूड कागदावर हलक्या हाताने चोळत छटा चढवायची. मुलीला चित्राच्या अगदी जवळ उभं करा. लांबचा डोंगर कडेला कसा विरत जातो ते तिला तिथेच कळेल, छापील पुस्तकात ते दिसत नाही.

मात्र तिथे भर निसर्गावर आहे. जुन्या वास्तू काढायच्या सरावासाठी आपलं सोलापूरच बरं: सकाळी सातच्या सुमारास सिद्धेश्वर तलावाकाठी वही घेऊन बसा आणि भुईकोट किल्ल्याचे बुरूज काढायला लावा, नंतर महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीची दर्शनी बाजू. कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, त्यामुळे मुक्काम धरूनच निघा. सोमवार टाळा, शासकीय संग्रहालयं सहसा त्या दिवशी बंद असतात.